जांभई देऊन बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या हार्मोनिकाचं दोन नंबरचं भोक श्वास आत ओढताना वाजत नाही, घसा धरल्यासारखा आवाज येतो, तर बाजा बदलून आणू का, असं तू विचारलंस. आणू नकोस. बाजा चांगला आहे. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, हार्मोनिकावर शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्या महिन्यात याच भोकापाशी अडतो आणि दुकानदाराला दोष देतो. मी तर त्याहून वाईट केलं होतं. माझा होनर कंपनीचा मरीन बँड नावाचा बाजा होता, त्याच्या वरच्या पत्र्याच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. त्या स्क्रूड्रायव्हरनं उचकटून मी आतलं रीड, म्हणजे सूर देणारी धातूची पातळ जीभ, खालीवर करत बसलो आणि दोन डॉलर कमी वीसचा बाजा एका संध्याकाळीत घालवला. विद्यार्थी माणसाला तेव्हा ती रक्कम फार होती. म्हणून आधी सांगतो, उघडू नकोस.

हा सूर मला कसा भेटला ते सांगतो, म्हणजे दोन नंबरचं उत्तरही त्यात येईल.

१९८८ साली मी पुण्याला हॉस्टेलवर होतो. माऊथ ऑर्गन म्हणजे आपल्याला सिनेमातला ठाऊक. सहलीच्या बसमध्ये कुणीतरी खिशातून काढायचा आणि ओळखीची चाल वाजवायचा, गोड, सरळ. एका मित्राकडे कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेलं काहीतरी होतं, वर नावगाव काही नाही. त्यात एक धून होती. मी ती सॅक्सोफोन समजून दोन वर्षं ऐकली. इतका जाड, इतका भरलेला आवाज त्या वीतभराच्या बाजातून निघतो, हे मनातही आलं नाही. पुढे कळलं की तो लिटल वॉल्टर नावाचा हार्मोनिकावादक होता आणि धून होती ‘ज्यूक’. लुईझियानातून आलेला, बावीस वर्षांचा पोरगा. १९५२च्या मे महिन्यात शिकागोत ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या साथीदारांबरोबर त्यानं ती वाजवली आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत ती आठ आठवडे पहिल्या जागी राहिली. गाण्याचा एक शब्द नाही, नुसता बाजा. स्वस्तातला माइक बाजासकट दोन्ही तळव्यांत घट्ट धरायचा, तार अँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरमध्ये, घालायची, आणि तळव्यांच्या त्या बंद खोलीत आवाज दाटून बाहेर पडायचा. सॅक्सोफोन ऐकणाऱ्या कानांनी त्यानं तो घडवला होता, तेव्हा माझी चूक तशी अगदीच चूक नव्हती.

१९९१ला मी शिकायला शिकागोला गेलो. शहराच्या दक्षिणेला राहत होतो. मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रलच्या गाड्यांनी वर आलेली काळी कुटुंबं याच भागात उतरली, आणि त्यांच्या खिशातून हा बाजाही आला. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी होनरनं बनवलेला, लोकगीतांच्या सुरांसाठी बांधलेला. त्याची उलटी वाट याच माणसांनी शोधली. पेटीच्या भाषेत सांगतो, तुला लगेच कळेल. पांढरी एकचा बाजा घ्यायचा आणि पांढरी पाचमध्ये वाजवायचं. म्हणजे फुंकीवरचा सा सोडून द्यायचा आणि श्वास आत ओढताना दोन नंबरवर जो सूर लागतो तो सा धरायचा. मग पाच नंबरवर ओढलं की कोमल निषाद आपोआप हाताशी येतो. तीन नंबरवर ओढलं की शुद्ध गंधार, आणि तो तोंडानं वाकवत खाली नेला की कोमल गंधार. त्या दोन गंधारांच्या मधल्या जागेत ब्लूजचा जीव आहे. मींड ऐकून वाढलेल्या आपल्या कानाला ती जागा परकी वाटत नाही, पेटीवर मात्र ती सापडायची नाही.

आता त्या रात्रीबद्दल. डिसेंबर होता. ४३व्या रस्त्यावरच्या एका लाउंजमध्ये वर्गमित्र घेऊन गेला. छत ठेंगणं, हीटर तापलेला, कोट काढून मांडीवर घ्यायलाही जागा नाही. आम्हाला अगदी पुढची, स्पीकरला लागून असलेली खुर्ची मिळाली. वादक साठीच्या पुढचा असावा. शेजारच्या स्टुलावर उघडा डबा, त्याच्यात वेगवेगळ्या पट्ट्यांचे सात-आठ बाजे, प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा. गिटारवाल्यानं पट्टी सांगितली की त्याचा हात न बघता नेमक्या बाजावर जायचा. वाजवण्याआधी तो बाजा तळव्यावर दोनदा आपटायचा, ओल झटकायला.

पहिलं गाणं त्यानं अँपशिवाय, गाण्याच्याच माइकसमोर वाजवलं. उजवा पंजा पंख्यासारखा उघडमीट होत होता आणि आवाज बाळासारखा बोलत होता. पण माझं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. गाल फुगत नव्हते. ओठ जवळजवळ हलत नव्हते. सूर वाकायचा तेव्हा गळ्याची घाटी खाली सरकायची, बस. कॅसेटवर दोन वर्षं ऐकून जे कळलं नव्हतं ते मला दोन हातांवरून दिसत होतं. हा माणूस बाजाच्या आत काही करत नव्हता. स्वतःच्या आत करत होता. बारा मात्राखंडांचं आवर्तन पुरं होऊन समेवर यावं तसे सगळे एकत्र उतरायचे, आणि समोरच्या टेबलावरच्या एक बाई प्रत्येक वेळी टेबलावर तळहात टेकवायच्या.

मध्यंतरात धीर करून मी त्या वादकांसमोर खिशातला बाजा काढला आणि दोन नंबर वाजवून दाखवला, तुझा येतो तस्साच आवाज. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत. माझ्या पोटावर हात ठेवला, मग तोंड मिटूनच जांभई दिली, जीभ खाली, टाळू वर, मान जराशी सैल. पुन्हा वाजव अशी खूण केली. मी जांभई धरून हळूच श्वास घेतला आणि सा लागला. भरून, सरळ. इतका आनंद मला पुढे पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही, खरंच सांगतो.

तर करायचं ते असं. जोर लावू नकोस. ओढण्याचा जोर वाढवलास की रीड गुदमरतं, आणि रोज तसं केलंस तर ते लवकर बेसूर होऊन मरतं. जांभईचा आकार धर आणि झोपेतल्या माणसासारखा श्वास घे. बरोबर लागलाय का ते तपासायची सोय बाजातच आहे: तीन नंबर फुंकून जो सूर येतो तोच दोन नंबर ओढून यायला हवा. आलटूनपालटून वाजव. दोन नंबर उतरलेला वाटला तर तोंड अजून आवळलेलं आहे. हे पक्कं होईपर्यंत सूर वाकवायच्या फंदात पडू नकोस. तीन नंबरवर तीन पायऱ्या खाली जाता येतं, आणि त्या तीन वेगळ्या काढायला मला दीड वर्षं लागलं.

अँप आणि माइक वर्षभर घेऊ नकोस. सनी टेरी ऐक. अंध माणूस, हातात नुसता बाजा, मध्येच तोंडानं हाळी घालायचा आणि ती हाळी सुरातच मिसळायची. मग लिटल वॉल्टर. एक धून घे आणि महिनाभर तीच ऐक, रस्त्यानं चालताना ऐक.

आणि जाऊन बघ. मुंबईत २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरत आला आहे, पहिल्याच वर्षी शिकागोचा गिटारवादक बडी गाय येऊन गेला, ज्याच्या गिटारवर ज्युनियर वेल्सनं वर्षानुवर्षं हार्मोनिका वाजवली. कधी शिकागोला गेलीस तर जूनमध्ये जा. १९८४ पासून तिथे ब्लूज फेस्टिव्हल होतो, तिकीट नाही. मी ग्रँट पार्कच्या गवतावर डबा उघडून बसायचो, हल्ली मिलेनियम पार्कमध्ये भरतो. बिली ब्रांच वाजवणार असेल तर चुकवू नकोस, तो १९७८ पासून शाळांमधल्या मुलांना हे वाद्य शिकवत आला आहे, आणि त्याच्या वाजवण्यात समजावून देणारा माणूस ऐकू येतो. पण कुठेही गेलीस तरी मागे मोठ्या पडद्याजवळ उभी राहू नकोस. गळा दिसेल इतकी पुढे जागा धर.

दिवाळीत येशील तेव्हा बाजा बरोबर आण. माझ्याकडे पेटी आहे, पांढरी पाच धरून देतो.

तुझा,
काका