मुलीला बायकांच्या हक्कांसाठी वकील व्हायचंय. पण यात पोट भरेल का?

प्रश्न : माझी धाकटी मुलगी बारावी कला शाखेत आहे. इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिनं स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांवर वाचन केलं आणि एक दिवस मला विचारलं, "आई, तू आणि मावशीनं हक्कसोडपत्रावर सही का केलीस?" 2012 साली भावांनी सह्या घेतल्या होत्या. बहिणीचं लग्न 1992 चं, म्हणून तिला हक्कच नाही असं सांगितलं होतं. मी माहेर तुटू नये म्हणून सही केली. आता मुलगी म्हणते, मला याच कामासाठी वकील व्हायचंय. तिचे वडील म्हणतात, कोर्टात पुरुषांचंच चालतं आणि असल्या कामात पैसा नाही. काय करावं? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, नमस्कार. प्रकल्प संपवून मार्क घेऊन मोकळी न होता तुमच्या मुलीनं घरातल्या कागदाबद्दल विचारलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आधी तिच्याच प्रश्नाकडे येतो.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र जमिनीत मुलाप्रमाणे जन्मापासून सहहिस्सेदार मानलं नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्ये ते मानलं, मात्र 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. तुमच्या बहिणीला जे सांगितलं गेलं त्याचं मूळ इथं असावं. पण 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्न कधी झालं हा प्रश्नच उरला नाही. पुढे 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही. थोडक्यात, जमिनीची रीतसर वाटणी आधीच झालेली नसेल, तर केवळ 1992 च्या लग्नामुळे बहिणीचा हक्क गेला नव्हता. नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्राचं आज काय करता येईल, हे कागद पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्यानं स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कायदा बदलून सात वर्षं झाली होती, तरी सही करताना तो तुम्हा दोघी बहिणींना कुणी सांगितला नाही. तुमची मुलगी जे काम करू म्हणते ते हेच आहे, आणि गावोगावी त्याची फार गरज आहे.

तिला कॉर्नेलिया सोराबजींबद्दल जरूर वाचायला सांगा. 1866 चा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. परीक्षेत त्या पहिल्या आल्या, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले, आणि 1892 मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची बीसीएल परीक्षा देणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. वकिलीची सनद मात्र मिळेना. मग 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे विधवा-अज्ञानांच्या इस्टेटी पाहणाऱ्या सरकारी खात्यात, कायदेशीर सल्लागार म्हणून त्यांनी पडदानशीन विधवांच्या इस्टेटी सांभाळल्या. या बायका परपुरुष वकिलाशी बोलू शकत नव्हत्या आणि कारभारी-नातलग पुढे करतील त्या कागदावर सही करत होत्या. तुमची गोष्ट वाचताना मला त्याच आठवल्या.

वडिलांची पहिली शंका एकेकाळी अक्षरशः खरी होती. 1916 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं रेजिना गुहांना आणि 1921 मध्ये पाटण्यानं सुधांशुबाला हाजरांना बाई म्हणून वकिली नाकारली. 1923 च्या कायद्यानं तो अडसर काढला. मिठान लाम यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, आणि 1994 मध्ये सुजाता मनोहर त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. कोर्टात आजही पुरुष जास्त आहेत, हे मी लपवत नाही. पण आपलं दुखणं मोकळेपणानं सांगता यावं म्हणून बाई वकील शोधणाऱ्या अशीलही खूप आहेत.

पैशाबद्दल वडिलांचं निम्मं बरोबर आहे. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालची, म्हणजे ज्युनिअरशिपची, पहिली काही वर्षं ओढगस्तीची जातात. घरानं तेवढा आधार द्यायची तयारी ठेवावी. मात्र बायकांचे हक्क म्हणजे केवळ फुकटची समाजसेवा, हा समज सोडा. वारसा, वाटणी, पोटगी, घटस्फोट ही दिवाणी आणि कौटुंबिक न्यायालयांतली रोजची कामं आहेत. न्यायाधीश व्हायचं असेल तर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर ही परीक्षा एमपीएससी घेते. मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. कोर्टाबाहेर महिला व बालविकास विभाग आणि संस्थांमधलं कामही आहे.

बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कला शाखा चालते. राज्याच्या विधी सीईटीतून पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय अशी कॉलेजं मिळू शकतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिथली फी बरीच जास्त आहे आणि इंग्रजी वाचनाचा वेग लागतो. माझ्या मते तिनं दोन्ही परीक्षा द्याव्यात, पण क्लॅटच्या महागड्या क्लाससाठी कर्ज काढू नका. इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचायला आजपासून लावा. शिष्यवृत्ती आणि मुलींच्या फी-सवलतीची चौकशी प्रवेशाआधीच कॉलेजात करा.

परीक्षा झाल्यावर सुट्टीत तिला काही दिवस तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात बसू द्या. खुल्या सुनावण्या कुणालाही पाहता येतात. शिवाय तुमच्या माहेरच्या जमिनीचा सातबारा, फेरफार आणि ते हक्कसोडपत्र तिच्यासमोर ठेवा आणि प्रत्येक नोंद कशी झाली हे तिला शोधू द्या. हे काम तिला रुचलं तर सीईटीचा फॉर्म भरा. कागदांचा कंटाळा आला आणि इतिहासच जास्त आवडतोय असं दिसलं, तर बी.ए. करून पुढे पुणे विद्यापीठात किंवा एसएनडीटीत स्त्री अभ्यासाकडे वळता येईल. पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबीही तेव्हा उघडा असेलच.