संतोषाधिक्याचा हिशेब प्रथम कोणाचा?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत अर्थशास्त्र शिकते. 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' ही संकल्पना इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांची, असे तिच्या टिपणवहीत आहे. पण ती मूळची एका फ्रेंच अभियंत्याची, असे मी एका व्याख्यानात ऐकले. खरे काय?
– एक वाचक, सांगलवाडी

उत्तर : आपण ऐकलेत ते बरोबर आहे, वहीतले विधान चुकीचे नसले तरी अपुरे आहे.

फ्रान्सच्या रस्ते-पूल खात्यातील अभियंते ज्यूल द्युपुई यांनी १८४४ मध्ये अगदी व्यवहारातला प्रश्न हाती घेतला होता : सरकारी खर्चाने बांधलेल्या पुलाचा किंवा कालव्याचा लोकांना होणारा उपयोग मोजायचा कसा? वस्तूची किंमत हेच तिच्या उपयोगितेचे माप, हे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ झां-बातिस्त से यांचे मत त्यांना मान्य नव्हते.

आपण सांगलवाडीचे, म्हणून कृष्णेवरच्या एका काल्पनिक पुलाचे उदाहरण घेऊ. पथकर २ रुपये आहे. हळदीच्या सौद्याला निघालेला शेतकरी वेळ पडल्यास २० रुपयेही मोजेल, परीक्षेला निघालेली विद्यार्थिनी १० आणि सहज फिरायला निघालेले आजोबा फार तर ३. देतात सगळे दोनच. म्हणजे अनुक्रमे १८, ८ आणि १ रुपयाचा लाभ ज्याच्या त्याच्या पदरात राहतो. हेच उपभोक्त्याचे संतोषाधिक्य; द्युपुई त्याला सापेक्ष उपयोगिता म्हणत. आता पथकर ४ रुपये केला, तर आजोबा घरीच थांबतील. त्यांचा लाभ बुडेल आणि त्यांचे २ रुपयेही पुलाच्या तिजोरीत येणार नाहीत. शेतकऱ्याने जादा दिलेले पैसे निदान तिजोरीत जातात, पण आजोबांचा हा तोटा कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही, ही गोष्ट द्युपुई यांनी नेमकी हेरली, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण इथेच आहे.

मार्शल यांचा 'अर्थशास्त्राची मूलतत्त्वे' हा ग्रंथ १८९० चा. प्रारंभी 'उपभोक्त्याचा खंड' (खंड म्हणजे इथे 'रेंट') असा शब्द वापरणाऱ्या मार्शल यांनी पुढे 'आधिक्य' हे नाव रूढ केले, चहाच्या खरेदीचे उदाहरण देऊन ते किंमत आणि मागणी यांचा संबंध दाखवणाऱ्या मागणी-वक्राशी जोडले आणि द्युपुई यांचे ऋण तळटीपेत नोंदवले. पैशाची सीमान्त उपयोगिता, म्हणजे आणखी एका रुपयाने मिळणारे समाधान, स्थिर धरण्याची त्यांची अट मात्र कन्येने उत्तरात अवश्य लिहावी. कारण तंगीत असलेल्याचे ३ रुपये आणि सधनाचे २० रुपये एकाच मापाने मोजता येतात का, हा या कल्पनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्या अटीतूनच निघतो.