स्कोरोदोन : ग्रीकांची लसूण

प्रश्न : मुलीकडे म्युनिकला गेलो होतो. तिथल्या वनस्पती उद्यानात लसणीसारख्या एका रोपापुढे ‘एलियम स्कोरोडोप्रासम’ अशी पाटी होती. ‘एलियम’ हे लसणीचं लॅटिन नाव, एवढं मला ठाऊक आहे. ‘स्कोरोडो’ म्हणजे काय? प्राचीन ग्रीक लोक लसूण जेवणात खायचे, की नुसती औषधाला वापरायचे? आणि आपल्याकडे नैवेद्याला लसूण चालत नाही, तसं त्यांच्यात काही होतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : स्कोरोदोन म्हणजे लसूण आणि प्रासोन म्हणजे लीक, ती रुंद चपट्या पातीची कांद्याची बहीण. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या रोपाला हे नाव दिलं, पण जोडशब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या वैद्याने स्कोरोदोप्रासोनची नोंद केली, आणि त्यात लसूण व लीक दोन्हींचे गुण आहेत असं सांगितलं. बोलण्यात शब्दाचा ‘स्कोर्दोन’ झाला. आजच्या ग्रीसमध्ये भाजीवाल्याकडे ‘स्कोर्दो’ मागितलं की लसूणच मिळते.

आता खाण्याचं. ग्रीक लोक लसूण भरपूर खात. अथेन्सच्या बाजारात जो माल जिथे मांडला जाई, त्या जागेला त्या मालाचंच नाव असे. माणूस ‘लसणीत’ आणि ‘कांद्यांत’ फिरून येई. आपण तांबट आळी म्हणतो तसंच हे. लसूण, चीज, मध, तेल आणि व्हिनेगर खलात कुटून म्युत्तोतोस नावाचं झणझणीत कालवण करत. झुंजीच्या कोंबड्यांना लसूण चारत, म्हणजे ते चवताळून लढतात अशी समजूत होती. ॲरिस्टोफेनिसच्या इ. स. पू. ४२४ च्या नाटकात एक सॉसेजविक्या राजकारणातल्या भांडणाला निघतो, तेव्हा त्याचे पाठीराखे त्यालाही याच हेतूने लसूण खायला लावतात.

पण मला या शब्दाबद्दल जे मनापासून सांगायचं आहे, ते मेगाराचं. अथेन्सच्या पश्चिमेला लागून असलेलं हे छोटं नगरराज्य लसणीसाठी आणि मिठासाठी नावाजलेलं होतं. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या तोंडावर अथेन्सने मेगाराच्या लोकांना आपल्या बाजारात आणि बंदरांत बंदी घातली. इ. स. पू. ४३१ मध्ये युद्ध पेटल्यावर अथेन्सचं सैन्य दरवर्षी मेगाराच्या रानात घुसून नासधूस करू लागलं. ४२५ साली, युद्ध चालू असतानाच, ॲरिस्टोफेनिसने अथेन्सच्याच रंगमंचावर मेगाराचा एक भुकेला शेतकरी उभा केला. त्याला विचारतात, मीठ आणलंस का? तो म्हणतो, ते तर तुमच्याच ताब्यात आहे. मग लसूण? तो म्हणतो, कसली लसूण, तुम्ही दरवेळी येता आणि शेतातल्या उंदरांसारखे खुंट्यांनी गड्डे उकरून काढता. त्याच्याकडे विकायला उरलेल्या असतात फक्त दोन लहान मुली. डुकराची पिल्लं म्हणून सोंग देऊन त्यांना तो पोत्यात घालून आणतो. सौदा ठरतो : एक मुलगी लसणीच्या एका जुडीला, दुसरी मापभर मिठाला.

हा प्रवेश विनोदी आहे, आणि त्यातले बरेच विनोद अश्लील आहेत. पण माझं माहेर लसूण पिकवणाऱ्यांचं. काढणी झाली की पातीच्या वेण्या घालून लसूण आढ्याला टांगायची आणि त्यातलीच चांगली बी म्हणून राखायची, हे मी लहानपणापासून पाहिलं. लसूण लावायची ती पाकळी पाकळी सुटी करून. गड्डे उकरून नेले की त्या वर्षीचं पीक तर गेलंच, पुढच्या वर्षीचं बियाणंही गेलं. ज्या गावची लसूण सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेली, तिथल्या बापावर मुलगी देऊन लसूण घ्यायची पाळी यावी! शत्रूच्या शेतकऱ्याचे हाल आपल्याच लोकांसमोर, ऐन युद्धात मांडायचे, याला मोठं धैर्य लागतं. म्हणून ॲरिस्टोफेनिसबद्दल मला फार आदर आहे.

चार वर्षांनी, ४२१ मध्ये, तो पुन्हा लसणीकडे वळला. या नाटकात युद्ध हे पात्र भलामोठा खल घेऊन येतं आणि नगरांचंच म्युत्तोतोस कुटायला बसतं. मेगारासाठी लसूण, सिसिलीसाठी चीज, अथेन्सच्या प्रदेशासाठी तिथला मध. पण बत्ता सापडत नाही. अथेन्सचा बत्ता हरवलाय आणि स्पार्टाचाही. प्रेक्षकांना अर्थ लगेच कळला असणार, कारण युद्धाचे दोन खंदे पुरस्कर्ते, अथेन्सचा क्लिऑन आणि स्पार्टाचा ब्रासिदास, आदल्याच वर्षी अँफिपोलिसच्या लढाईत मेले होते.

औषधाचं थोडक्यात सांगते. हिप्पोक्रेटसच्या परंपरेतले वैद्य लसूण उष्ण, सारक आणि लघवी साफ करणारी मानत, मात्र डोळ्यांना वाईट म्हणत. डायोस्कोरिडीस ती जंतांवर, खोकल्यावर, दातदुखीवर देतो आणि सर्पदंशावर वाइनबरोबर प्यायला सांगतो. (हे इतिहास म्हणून वाचा, साप चावला तर थेट दवाखाना गाठायचा.) दुसऱ्या शतकातला गॅलेन लसणीला खेडुतांचं थेरियाक म्हणतो. थेरियाक म्हणजे अनेक महागड्या जिनसांचं, विषावर उतारा म्हणून देण्याचं औषध. ज्याला ते परवडत नाही त्याचं थेरियाक लसूण.

वनस्पतिशास्त्र शिकवताना मी नेहमी थिओफ्रास्टसची आठवण काढायची. ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातला हा माणूस लसणीच्या जाती वेगळ्या ओळखतो आणि सायप्रसची लसूण सगळ्यांत मोठी असते, ती शिजवत नाहीत, कुटली की तिला आश्चर्य वाटावं इतका फेस येतो, असं लिहितो. अशी नोंद स्वतः पाहिल्याशिवाय किंवा कुटणाऱ्याला नीट विचारल्याशिवाय होत नाही. याउलट, लोहचुंबकाला लसूण चोळली की तो लोखंड ओढत नाही, हे ग्रीक लेखक प्लुटार्क बिनदिक्कत लिहून गेला आणि लोकांनी ते शतकानुशतकं खरं मानलं. सोळाव्या शतकात इटलीतल्या देल्ला पोर्ताने करून पाहिलं, तेव्हा चुंबक नेहमीसारखाच ओढत होता.

तुमचा शेवटचा प्रश्न. होय, देवमातेच्या मंदिरात लसूण खाऊन जायला मनाई होती. स्टिल्पो नावाच्या तत्त्वज्ञाची गोष्ट अथेनियस या ग्रीक लेखकाने नोंदवली आहे. हा लसूण खाऊन त्या मंदिरातच झोपला. देवी स्वप्नात येऊन म्हणाली, तत्त्वज्ञ असून नियम मोडतोस? तो म्हणाला, दुसरं काही खायला दे, मग लसूण खाणार नाही. हा स्टिल्पो मेगाराचाच.

मुलीला घरी करून बघायचं असेल तर स्कोर्दालिया सांगा. उकडलेला बटाटा किंवा भिजवून पिळलेला पाव, त्यात मीठ घालून कुटलेली लसूण, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. लसूण आधी एकटीच कुटून तिचा लगदा करायचा, आणि तेल थोडं थोडं घालत घोटायचं. ग्रीसमध्ये २५ मार्चला तळलेल्या खाऱ्या कॉड माशाबरोबर हे खातात. मासे खात नसाल तर उकडलेल्या बिटाबरोबरही छान लागतं.