केएनएक्स बसचं प्लॅनिंग: स्विच निवडण्याआधी

केएनएक्स ही स्मार्ट घराच्या वायरिंगची पद्धत; यात स्विच एका सामायिक केबलवरून (तिलाच बस म्हणतात) लाइट, पडदे, पंखे यांना संदेश पाठवतात. घरात ती बसवणार आहात आणि भिंती फोडायला अजून वेळ आहे ना? मग काचेचे टचपॅनल बघत बसू नका, आधी वायरिंगचा नकाशा काढा. बसमध्ये स्विचला लाइटची वायर जात नाही. तिथे फक्त बस केबल जाते. लाइट, पडदे, पंखे यांच्या वायरी थेट वितरण पेटीत आणायच्या. त्यामुळे पेटी चांगली मोठी घ्या. वाटते त्याच्या दीडपट घेतली तरी ती भरतेच!

केबल २×२×०.८ ची (दोन जोड्या, ०.८ मिमी जाडीच्या तारा), हिरव्या आवरणाची. लाल-काळी जोडी बससाठी, पिवळी-पांढरी राखीव. झाडासारख्या फांद्या काढा, तारेसारखी पसरवा, काहीही चालतं. फक्त रिंग करू नका. एका लाइन सेगमेंटवर (म्हणजे एका पॉवर सप्लायवर चालणाऱ्या केबलच्या भागावर) एकूण १००० मीटर केबल आणि पॉवर सप्लायपासून कुठलंही उपकरण ३५० मीटरच्या आत, हे लक्षात ठेवा. घरासाठी ते भरपूर झालं. ६४० मिलिअँपिअरचा सप्लाय साधारण ६४ उपकरणांना पुरतो, पण डिस्प्लेवाले पॅनल जास्त खातात, तेव्हा बेरीज करून बघा.

खिडक्या, दारं आणि प्रत्येक खोलीच्या छताचा मध्य इथे आत्ताच केबल टाकून ठेवा, सेन्सर नंतर घेता येतील.

आणि प्रोग्रामिंग दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर ईटीएसची (केएनएक्स प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट फाइल, पासवर्डसकट, तुमच्या हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. ती नसेल तर पुढे एक बटण बदलायलाही त्याच माणसाचे पाय धरावे लागतात.