स्टीलचा ग्लास कोणाला, कागदी कोणाला?

प्रश्न: भाऊ, प्रभूच्या नावानं सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. आमची चर्चची मंडळी लहान, पंचवीस-तीस घरं. अर्धी घरं आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्ती, माझं सासर त्यातलंच, अन् बाकीची गावाबाहेरच्या वस्तीतली, आठ-दहा वर्षांत आलेली. रविवारी उपासना झाली की चहा असते, जुन्या घरांना स्टीलच्या ग्लासात अन् वस्तीवाल्यांना कागदी. कोणी ठरवलं नाही म्हणतात पण दर वेळी तसंच होते. नाताळच्या जेवणात पहिली पंगत आमची, ते वाढतात अन् मग बसतात. मी एकदा बोलली तर पंच म्हणे, पोरी वाद नको काढू, मंडळीत एकी राहू दे. गप्प राहू का?
— एक बहीण

उत्तर: नको राहू.

आपल्याकडं एकी म्हणजे ज्याला टोचते त्यानंच तोंड बंद ठेवायचं असं होऊन बसलंय. आता येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघ, अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला आरामात बसायचा, अन् याकोबाकडची यहुदी रीत पाळणारी माणसं आली तसा हळूच बाजूला सरकला, त्याचं पाहून सोबतचा बर्णबाही सरकला. म्हणजे भांडण जेवणावरूनच! पेत्र काय साधासुधा माणूस होता का, पण प्रेषित पौल त्याला सगळ्यांसमोर तोंडावर बोलला, बायबलातल्या गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात वाच. करिंथ शहरातल्या मंडळीत तर ज्याच्याजवळ होतं तो खाऊन-पिऊन तर्र अन् गरीब उपाशी, अन् वर त्याला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचं पवित्र जेवण, म्हणत होते. पौलानं लिहिलं, हे प्रभूचं भोजनच नाही, एकमेकांसाठी थांबत जा.

मी काही फार शहाणा नाही बरं. मीही पुष्कळ वर्षं पहिल्या पंगतीत जेवलो, आजोबांचं नाव चर्चच्या दगडावर कोरलेलं म्हणून. एका नाताळात एक म्हातारी मला वरण वाढत होती, कापूस वेचून बोटांना चिरा पडलेल्या, दोनदा आग्रह केला तिनं. हात धुवून परत आलो तर ती जेवायला बसलेली अन् गंजातलं वरण संपलेलं. तिनं गंजात तांब्याभर पाणी टाकलं, खळबळलं, तेच भातावर ओतलं अन् खाऊ लागली. कोणाला काही बोलली नाही. आम्हाला वाटायचं आमच्या मंडळीत किती शांती आहे!

पंचांना एकीची एवढी काळजी असेल तर त्यांना नागपूरची आठवण दे. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत घ्यायचा पाण्याचा विधी, करणारे होते अन् मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारेही होते. कितीतरी वर्षं बोलणी चालली, शेवटी दोन्ही रीती ठेवल्या. एवढा मोठा पाण्याचा वाद बसून मिटवता येतो अन् आपल्याच्यानं चहाचा ग्लास सुटत नाही, काय म्हणावं!

एक मात्र कर, रागानं मंडळी सोडून जाऊ नको. आपल्याकडं दर भांडणामागं एक नवीन टिनाचं शेड अन् नवीन भोंगा उभा राहते, त्यानं वस्तीवाल्यांच्या हातातला कागदी ग्लास काही जात नाही. चर्चच्या पाळकांना चारचौघांत नको धरू, घरी जाऊन शांतपणे सांग, अन् वस्तीतल्या एखाद्या बाईला आधी विचारून घे की तिला हा विषय निघालेला चालते का, कारण बोलणार तू अन् भोगणार ती, असं व्हायला नको. पंचात त्यांचा एकही माणूस नसेल तर तेही विचार. माझा अंदाज, नसेलच.

अन् येत्या रविवारी तू स्वतः कागदी ग्लास उचल, वस्तीतल्या बायांच्या सतरंजीवर जाऊन बस. नाताळात दुसऱ्या पंगतीला जेव, पहिलीत वाढायला लाग. सासूबाई विचारतील, काहून गं? तर घरी गेल्यावर खरं काय ते सांग. काय म्हणाल्या ते मला नक्की लिही.