‘मारत नाही, पीत नाही, मग तुला काय कमी?’

वणी, माजरी, घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यातल्या बायका समुपदेशनाला आल्या की हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत माझ्यासमोर ठेवतात. आधी सासूने विचारलेला असतो, मग माहेरच्यांनी, शेवटी त्या स्वतःलाच विचारू लागतात. नवऱ्याला वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) कायम नोकरी, महिन्याला पगार, राहायला क्वार्टर. अशा घरातल्या बाईने दुःखी असायला जणू जागाच नाही.

अशीच एक बाई आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा उघड्या खाणीत डंपर चालवतो, दोन मुलं. म्हणाली, “तो घरी असते जी मॅडम, पण माझ्यासंगं नसते. मुलांसाठी राहू की जाऊ?”

या प्रश्नाला मी लगेच हात घालत नाही. आधी बाईला एकटीला भेटते आणि स्पष्ट विचारते: मार, धमकी, जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणं यातलं काही आहे का? कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात फक्त मारहाण येत नाही; शिवीगाळ, मानसिक छळ, आर्थिक कोंडीही येते. तसं काही असेल तर नवरा-बायकोला समोरासमोर बसवणं धोक्याचं असतं. तिथे आधी तिची सुरक्षा, संरक्षण अधिकारी, १८१ हेल्पलाइन. ‘जुळवून घे’ हा सल्ला अशा घरात बाईच्या जिवावर उठतो.

इथे तसं नव्हतं. मग नवऱ्याला बोलावलं. नाईट करून थेट आला आणि खुर्चीवरच पेंगू लागला. त्याला झोपायला घरी पाठवलं, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातली संध्याकाळ दिली. कामाची पाळी दर आठवड्याला बदलते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दोन खोल्यांत दिवसा झोपायचं, मुलांना गप्प बसवायचं काम बायकोचं. या घरांतली निम्मी चिडचिड मला झोपेची वाटते, आणि ती कुणी मोजत नाही.

पण खरं दुखणं जमिनीत होतं. वेकोलि ज्या कोल इंडियाची कंपनी, तिच्या २०१२च्या धोरणात खाणीसाठी घेतलेल्या दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. या घरची जमीन खाणीत गेली तेव्हा भाऊ तीन होते आणि नोकरी एक. ती याला मिळाली. “जमीन तिघांची, हजेरी माझ्या एकट्याची,” तो म्हणाला. “पगाराच्या दिवशी चोरासारखं वाटते.” म्हणून भाऊ मागतील तेवढं द्यायचं आणि खड्डा भरायला संडे करायचा, कारण रविवारच्या ड्युटीला दुप्पट हजेरी, म्हणजे दुप्पट पैसे पडतात. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला दिसत होता तो रविवारीही घर टाळणारा माणूस.

पुढच्या बैठकीत पगाराची स्लिप टेबलावर ठेवून एकेक कपात वाचली. पुतण्याच्या शिक्षणासाठी सोसायटीतून काढलेलं कर्ज तिला तिथे कळलं. ती रडली. “सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?” तो मान खाली घालून बसला. माझ्या मते त्याचं चुकलं ते इथे. भावांना देण्यात नव्हे. ते देणं मला न्याय्यच वाटतं. बायकोला त्या देण्यातून बाहेर ठेवण्यात.

महिन्याला किती द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवलं आणि सांगायलाही दोघं मिळून गेले. दोन रविवार घरी काढायचे, हेही ठरलं. ते दर महिन्याला जमतंच असं नाही. मोठ्या दिराने बोलणं टाकलं आहे. वेगळं होण्याचा विषय तिने सोडलेला नाही. दिवाळीनंतर पुन्हा बोलू, असं तिने त्याच्यासमोरच सांगितलं. तो म्हणाला, “तेव्हाची नाईट बदलून घेतो.”