वाचकांचे प्रश्न : ऑक्सचा आवाज एवढा बारीक का?

कारटेपबद्दल काय विचारायचं ते विचारा म्हटलं तर बऱ्याच जणांची तक्रार एकच निघाली, त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळी जागा ऑक्सलाच, म्हणजे टेपला बाहेरचा प्लेअर वायरने जोडायच्या भोकालाच, देतोय.

प्रश्न : माझ्याकडे जुना एमपीथ्री प्लेअर आहे, तो ऑक्सच्या वायरने गाडीच्या टेपला लावतो. रेडिओ १२ वर ठेवला तरी पुरतो पण ऑक्सला ३० वर नेलं तरी बाजूचा बोलायला लागला की गाणं ऐकूच येत नाही. दुकानदार म्हणाला बूस्टर लावा. लावू का?

थांबा जरा, बूस्टर म्हणजे सिग्नल मोठा करणारी डबी, तिचं नंतर बघू. आधी हे का होतं ते सांगतो. तुमच्या प्लेअरचं भोक हेडफोनसाठी आहे, टेपसाठी नाही. हेडफोनला थोडंच व्होल्टेज लागतं, म्हणून छोटे प्लेअर फुल आवाजाला जेमतेम अर्धा ते एक व्होल्ट देतात आणि काही तर त्याहूनही कमी. सीडी प्लेअरचा लाइन आउट, म्हणजे दुसऱ्या यंत्राला सिग्नल द्यायचं भोक, मात्र साधारण २ व्होल्टपर्यंत जातो. अर्धा व्होल्ट आणि दोन व्होल्ट यात १२ डेसिबलचा फरक पडतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे अर्ध्याहून कमी वाटणारच की. त्यात युरोपच्या बाजारासाठी बनलेला प्लेअर असेल तर आणखी पंचाईत, कारण तिथे कान खराब होऊ नयेत म्हणून ईएन ५०३३२ नावाचं स्टँडर्ड आहे आणि त्यात ठरलेल्या टेस्ट सिग्नलवर हेडफोनचा आउटपुट १५० मिलिव्होल्टच्या आत ठेवायला सांगितलंय. टाकीतच पाणी कमी असेल तर नळ कितीही उघडा.

म्हणून माझं म्हणणं असं की आवाज वाढवायचा तर जिथून निघतो तिथेच वाढवायचा, शेवटी नाही. प्लेअरचा आवाज फुल करा. लोक प्लेअर निम्म्यावर ठेवतात आणि टेपचा नॉब पिळत बसतात, हे अगदी उलटं आहे, कारण टेपचा नॉब गाण्याबरोबर वायरमधली खरखर पण वाढवतो. फुल केल्यावर गाणं फाटतंय असं वाटलं तर एकदोन पायऱ्या खाली घ्या. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरून व्हॉल्यूम लिमिट नावाचं काही चालू आहे का बघा, असेल तर काढा. इक्वलायझर फ्लॅट करा, कारण बरेच प्लेअर बास वाढवला की तो फाटू नये म्हणून गुपचूप बाकी सगळा आवाज खाली ओढतात, आणि आपल्याला वाटतं बास लावल्यावर दणका मिळेल. सगळी गाणी एकाच आवाजात वाजवणारी सोय असते ती पण बंद करून बघा, तिच्याबद्दल खाली अजून एक प्रश्न आहे.

एवढं झालं की टेपकडे वळा. आणि इथेच निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो, पण मेन्यू कोणी उघडतच नाही. बऱ्याच टेपमध्ये प्रत्येक सोर्सचा आवाज वेगळा वरखाली करायची सोय असते. पायोनिअरवाले तिला एसएलए म्हणतात, एफएमच्या आवाजाशी जुळवून बाकीचे सोर्स वाढवायचे किंवा कमी करायचे असा तिचा हिशोब. फोक्सवॅगनच्या बऱ्याच टेपमध्ये ऑक्सला कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पायऱ्या असतात. तुमच्या टेपमध्ये ती ऑडिओच्या मेन्यूत असेल नाहीतर सेटअपमध्ये, आणि काही मॉडेलना ऑक्स चालू असतानाच दिसते, म्हणून रेडिओ लावून शोधत बसू नका.

एवढं करूनही बारीकच असेल तर मोजून बघा, अंदाजाने सामान आणू नका. प्लेअरमध्ये १०० हर्ट्झची फुल लेव्हलची टेस्ट टोन टाका, वायर प्लेअरला लावा, दुसरी पिन टेपमधून काढून हातात घ्या, आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक काडी पिनच्या टोकाला आणि दुसरी मागच्या धातूच्या रिंगला टेकवा. एक व्होल्टच्या आसपास आलं तर प्लेअर ठणठणीत आहे, दोष टेपमध्ये किंवा पिनमध्ये. पाव व्होल्ट आलं तर प्लेअरच कमजोर. पण एक आहे, सगळ्यात स्वस्त मल्टीमीटरमध्ये एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते, ते इथे उपयोगाचे नाहीत, २ व्होल्टची रेंज असलेला पाहिजे. जमलंच तर हेच दुसऱ्या वायरने पण करा, कारण काही वायरींच्या आत मुद्दाम रेझिस्टर घातलेले असतात, मोठा सिग्नल माइकच्या इनपुटला द्यायला, आणि अशी वायर चुकून ऑक्सला लागली की आवाज मेलाच समजा.

प्लेअर कमजोर निघाला तर मात्र बूस्टर लावा, माझी ना नाही. जुना ३० पिनांचा आयपॉड असेल तर बूस्टरची पण गरज नाही, खालच्या पोर्टमधून लाइन आउटची वायर काढा, तिथला सिग्नल व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबूनच नसतो. बाकीच्यांनी बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घ्या आणि तो प्लेअरच्या बाजूला लावा, टेपच्या बाजूला नाही, म्हणजे लांब वायरमधून मोठा सिग्नल जाईल आणि वायर जी काही घाण पकडेल ती त्याच्यापुढे बारीक राहील. गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा तो आकडा, ६ ते १२ डेसिबल खूप झाला. सोल्डरिंग येणाऱ्यांनी एका ऑपअ‍ॅम्पवर १० के आणि २२ के रेझिस्टर लावून ३.२ पट गेन घ्यावा, म्हणजे साधारण १० डेसिबल. एका ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचं तर इनपुटला निम्म्या व्होल्टेजचा बायस द्या आणि आत येताना, बाहेर जाताना कपॅसिटर, शिवाय ग्राउंडला जाणाऱ्या १० केच्या खाली पण एक, नाहीतर तो बायस पण ३.२ पट होऊन बसेल.

आणि हो, ऑक्स ३० वर वाजत असताना सोर्स बदलून रेडिओ लावू नका, कानठळ्या बसतील आणि स्पीकर पण जाईल. आधी नॉब खाली.

प्रश्न : बूस्टर लावला, आवाज मस्त वाढला, पण आता अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कुंईईई असा आवाज येतो आणि गाडीच्या स्पीडबरोबर चढतो. बूस्टर खराब आहे का?

खराब नाही. तो गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज आहे, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढतो उतरतो त्यावरून ओळखायचा. तुमचा बूस्टर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतोय ना? मग त्याचं ग्राउंड, म्हणजे निगेटिव्ह तार, एकदा सॉकेटमधून आणि एकदा ऑक्सच्या वायरीमधून असं दोन रस्त्यांनी बॉडीला जातं, आणि त्या दोन जागांमध्ये जो काही बारीकसा व्होल्टेजचा फरक असतो तो गाण्यात मिसळतो. खात्री करायची तर गाणं चालू असताना सॉकेटमधून प्लग उपटा. प्लेअर चार्जिंगला असेल तर त्याचा पण उपटा, बूस्टर नसताना पण नुसत्या चार्जरमुळे हाच प्रकार होतो. कुंई गेली म्हणजे चोर सापडला.

उपाय दोन. बूस्टर बॅटरीवर चालवा आणि चार्जिंग करताना गाणी ऐकू नका, हा फुकटचा. नाहीतर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला, त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल पलीकडे जातो पण तारेने तार जोडलेली राहत नाही. स्वस्तातल्या आयसोलेटरचे ट्रान्सफॉर्मर इवलेसे असतात आणि मोठ्या आवाजाला बास खातात, ढोलक वाजायच्या जागी टकटक ऐकू आली तर तेच कारण.

प्रश्न : माझ्या गाडीत अ‍ॅम्प्लिफायर वेगळा आहे. त्याचाच गेन वाढवला तर ऑक्सचं काम होईल ना?

नाही होणार. अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी बसतो, त्याचा गेन वाढवला की रेडिओ पण तेवढाच वाढणार, फरक होता तेवढाच राहणार आणि वर गाणं बंद असताना सुद्धा सूऽऽ असा आवाज कायमचा मागे लागणार. गेनचा स्क्रू होता तिथे नेऊन ठेवा.

प्रश्न : ऑक्सला आवाज बारीक तर येतोच पण गाणाऱ्याचा आवाजच गायब, नुसतं मागचं म्युझिक वाजतं, ते पण विहिरीतून आल्यासारखं. सेटिंग सगळी बघून झाली.

सेटिंगचा काही संबंध नाही, पिन बघा. तुमच्या वायरीचं ग्राउंड टेकत नाहीये. ग्राउंड सुटलं की स्पीकरला डावा वजा उजवा एवढाच सिग्नल उरतो आणि गाणाऱ्याचा आवाज बहुतेक गाण्यांत दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो आणि बाजूबाजूची वाद्यं तेवढी शिल्लक राहतात. पिन लावलेली असतानाच अगदी एखादा मिलिमीटर बाहेर ओढून बघा, गायक परत आला तर नक्की हेच. जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत बसत नसेल तर कव्हर काढा. भोकात खिशातला कापूस साचतो, तो प्लेअर बंद करून लाकडी टूथपिकने काढा, सुई घालू नका. आणि वायरीच्या पिनवर तीन काळे पट्टे असतील तर ती माइकवाली चार भागांची पिन आहे, तिच्यामुळे पण टेपमध्ये असा घोळ होतो, दोन पट्ट्यांची साधी वायर आणा.

प्रश्न : नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. टाइप सी डोंगल लावून ऑक्स जोडलं तर जुन्या फोनपेक्षा आवाज कमी येतो.

डोंगलच्या आत डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारी स्वतःची डीएसी चिप आणि अ‍ॅम्प्लिफायर असतो, म्हणजे आता आवाज फोन नाही तर डोंगल देतंय. काही डोंगल अँड्रॉइडला लावले की आतला व्हॉल्यूम कमीवरच ठेवतात, तुम्ही फोनचं बटण फुल केलं तरी. डोंगलशी थेट बोलणारं प्लेअर अ‍ॅप वापरलं तर तो वाढवता येतो, नाहीतर दुसरं डोंगल लावून बघा. पण टेपला यूएसबी असेल आणि तिथून गाणी वाजत असतील तर मी म्हणेन ऑक्सचा नाद सोडा, तिथे फाइल जशीच्या तशी टेपमध्ये जाते, व्होल्टचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : काही गाणी मोठी वाजायची काही बारीक, म्हणून मित्राने सगळी गाणी एमपीथ्रीगेन नावाच्या आवाज सारखा करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून दिली. आता सगळी सारखी वाजतात पण सगळीच बारीक!

मित्राने काम बरोबर केलंय, फक्त आकडा होता तोच ठेवला. एमपीथ्रीगेनचं टार्गेट आपोआप ८९ डेसिबल असतं आणि अलीकडची गाणी त्याच्या बरीच वर रेकॉर्ड केलेली असतात, म्हणून त्याने सगळ्यांना खाली आणलं. टार्गेट वाढवून परत चालवा, एकदम नको, थोडं थोडं, ज्या गाण्यापुढे क्लिपिंगची खूण येते ते फाटायची शक्यता असते. तो दीड दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी फक्त फाइलमधला गेनचा आकडा बदलतो, गाणं परत एनकोड करत नाही, त्यामुळे कितीदा वरखाली केलं तरी क्वालिटी जात नाही. मित्राने अनडूची माहिती पुसली नसेल तर मूळ आवाजावर पण परत जाता येतं.